पावसाळ्यात कुत्र्याला फिरवून आणल्यावर घर स्वच्छ कसं ठेवायचं: दारापासून गादीपर्यंत सगळं

फ्लॅटमध्ये कुत्रा पाळणाऱ्यांचे दोनच ऋतू असतात, पावसाळा आणि बाकीचं वर्ष. बाकीच्या वर्षात धूळ येते, केस गळतात, ठीक आहे, झाडू मारला की झालं. पण जून लागला की सकाळ-संध्याकाळ बाहेर नेणं काही टळत नाही, पाऊस कितीही असो कुत्र्याला शी-शू बाहेरच करायची असते, आणि परत येताना चारही पायांना चिखल, पोटाखाली रस्त्यावरचं काळं पाणी, शेपटीला गवत असा सगळा ऐवज घरात येतो. मग बहुतेक लोक काय करतात तर बादलीत फिनेल वाढवतात. फरशी दिवसातून तीनदा पुसतात, घराला हॉस्पिटलसारखा वास येतो आणि तरी सोफ्याखालून कुबट वास येतच राहतो.

माझं मत असं की पुसण्याचं काम कमी करायचं असेल तर दाराबाहेर आणि दाराच्या आतल्या पहिल्या दोन-तीन फुटांत मेहनत घ्यायची, आणि धुण्यापेक्षा कोरडं करण्यावर जास्त वेळ घालवायचा. चिखल दिसतो म्हणून आपण त्याच्या मागे लागतो, पण वास, खाज, बुरशी ही सगळी ओलीमुळे होतात. आमच्याकडे एक देशी कुत्री आहे, पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, त्यामुळे खालचं सगळं फ्लॅटवाल्यांच्या हिशोबाने लिहिलंय. अंगण असेल तर तुमचं अर्धं काम नळीने बाहेरच होतं, तुम्ही नशीबवान.

दाराशी काय काय तयार हवं

हे बाहेर पडायच्या आधी लावून ठेवायचं. परत आल्यावर टॉवेल शोधायला तुम्ही आत गेलात की ती पण मागोमाग आत येणार, आणि मग हॉलभर फुलं उमटणार.

दाराबाहेर काथ्याचं जाड पायपुसणं. ते पाणी शोषत नाही पण माती खरवडून घेतं, त्याचं काम तेवढंच. दाराच्या आत जुनी चादर चौघडी करून किंवा गोणपाट, आणि ते फरशीवर सरकत असेल तर खाली योगा मॅटचा तुकडा टाका, कारण पाय घसरला की कुत्रं घाबरतं आणि मग पुढच्या वेळी तिथे उभंच राहत नाही. दोन जुने सुती टॉवेल किंवा पंचे, एक अंगाला आणि एक फक्त पंजांना. टॉवेल जितका जुना आणि धुवून धुवून मऊ झालेला तितका चांगला, नवीन गुळगुळीत टॉवेल पाणी नुसतं इकडून तिकडे करतो, आणि धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालत असाल तर या टॉवेलांना घालू नका, त्याने त्यांची शोषायची ताकद जाते. मायक्रोफायबरचा असेल तर उत्तमच.

शिवाय रुंद तोंडाचा एक प्लॅस्टिकचा डबा किंवा टमरेल, पंजा आरामात आत जाईल असं. पंजे धुवायचे ते सिलिकॉनचे ब्रशवाले कप ऑनलाइन मिळतात, चांगले असतात, पण घरातला श्रीखंडाचा रिकामा एक किलोचा डबा तेच काम करतो. एक चिमटा, गोचीड काढायला. आणि खाऊ, तो विसरायचा नाही, सगळी शिस्त त्याच्यावरच चालते.

पावसाळा सुरू व्हायच्या आधी अजून दोन कामं उरकून घ्या. पंजाच्या गाद्यांमध्ये जे केस वाढतात ते गादीच्या पातळीला कापून घ्यायचे, लॅब, गोल्डन, शित्झू, पॉमेरियन यांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं कारण तो केसांचा पुंजका चिखल आणि पाणी धरून ठेवतो. गोल टोकाची कात्री वापरा, किंवा सरळ ग्रूमरकडून करून घ्या. आणि नखं. नखं लांब असली की त्यांच्या मुळाशी काळी माती अडकून राहते आणि ती नुसत्या पुसण्याने निघत नाही.

रेनकोट घालायचा का? पोटाखालून झाकणारा असेल तर घाला, नुसता पाठीवर टाकायचा असेल तर फार उपयोग नाही, कारण पाठीवर पावसाचं स्वच्छ पाणी पडतं, घाण सगळी खालून उडते. आणि घरी आल्यावर लगेच काढायचा, आत वाफ धरते.

बाहेर असताना

चिखल चालेल, डबकं नको, हा माझा नियम आहे. चिखल पुसता येतो. साचलेल्या पाण्यात उंदीर-घुशींचं मूत मिसळलेलं असतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, कुत्र्यांनाही आणि माणसांनाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत याची मोठी साथ आली होती हे अनेकांना आठवत असेल. जिवाणू शरीरात शिरतात ते कातडीवरच्या जखमेतून, खरचटलेल्या जागेतून, डोळ्या-तोंडाच्या ओल्या भागातून. कुत्रं डबक्यात उभं राहून तेच पाणी पितं पण, हा अजून मोठा प्रॉब्लेम. लेप्टोची लस दरवर्षी घ्यावी लागते, आणि कुत्र्यांच्या प्रत्येक मिश्र लसीत ती असतेच असं नाही, तेव्हा लसीकरणाच्या कार्डावर लेप्टो लिहिलंय का ते बघा, नसेल तर डॉक्टरांना विचारा. घराच्या दृष्टीने एक चांगली गोष्ट म्हणजे हे जिवाणू कोरड्या जागी फार टिकत नाहीत. कोरडं करा असं मी सारखं म्हणतेय त्याचं हेही एक कारण.

पार्किंगमध्ये गटाराचं पाणी शिरलं असेल, जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला शिरलं होतं तसं, तर त्यातून चालवत नेऊच नका. छोटं असेल तर उचला, मोठं असेल तर पाणी ओसरेपर्यंत गच्चीवर किंवा बाल्कनीत वर्तमानपत्रावर सोय करा. एरवी बाहेरच शी-शू करणारी कुत्री नाक मुरडतात पण नाइलाज झाला की करतात.

शी उचलायची, हे वेगळं सांगायला नको पण सांगते. पावसाळ्यात लोकांना वाटतं पाऊस धुवून नेईल. पाऊस नेतो कुठे, तर पसरवतो, आणि मग तीच आपल्या चपलांना लागून घरात येते. जंतांची अंडी आणि अळ्या ओल्या मातीत मजेत राहतात, गोल जंताच्या अंड्यांना संसर्ग करण्यालायक व्हायला दोन-तीन आठवडे तरी लागतात, म्हणजे ताजी शी उचलली की तो धोका तिथेच संपला. पाण्याने पातळ झालेली शी उचलायला पिशवीबरोबर वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा, आधी कागद सरकवायचा मग पिशवीत. जंताचं औषध डॉक्टर सांगतील त्या हिशोबाने, मोठ्या कुत्र्याला साधारण तीन महिन्यांनी देतात, चुकवायचं नाही.

गेटपासून दारापर्यंत

सगळ्यात जास्त पाणी कमी करणारी गोष्ट फुकट आहे. कुत्रं अंग झाडतं तेव्हा अंगावरचं बरंचसं पाणी काही सेकंदात उडून जातं, टॉवेलने पाच मिनिटं पुसून जेवढं निघणार नाही तेवढं. प्रश्न एवढाच की ते हॉलमध्ये, टीव्हीसमोर झाडतात. म्हणून ते पार्किंगमध्येच करून घ्यायचं. पावसातून आत आलात की जिन्याजवळ थांबा, कानामागे आणि मानेवर केसांच्या उलट दिशेने जरा जोरात चोळा, बहुतेक कुत्री लगेच झाडतात. झाडायला लागली की एक ठरलेला शब्द म्हणायचा, आमच्याकडे "झटक!" आहे, आणि झाडून झालं की खाऊ. काही दिवसांत नुसत्या शब्दावर झाडायला लागते. जाणाऱ्या-येणाऱ्या काकूंना जरा लांबून जायला सांगा तेवढं.

लिफ्टमध्ये कुत्रं न्यायचं नाही असं सोसायटीला म्हणता येत नाही, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचनांमध्ये ते स्पष्ट आहे. पण लिफ्टमध्ये चिखलाचे ठसे पडले तर एक जुना नॅपकिन खिशात ठेवून तिथल्या तिथे पुसून टाका, दहा सेकंदांचं काम आहे, आणि त्याने मिटिंगमधली जितकी भांडणं टळतात तितकी कुठल्याही सर्क्युलरने टळत नाहीत.

आणि हो, तुमच्या चपला. कुत्र्याचे चार पाय धुवून आपण स्वतः फ्लोटर्स घालून बाथरूमपर्यंत चालत जायचं याला काही अर्थ नाही. चपला दाराबाहेर.

दारातला कार्यक्रम

हे नीट वाचा, कारण क्रम चुकला की मेहनत वाया जाते. चादरीचे मनातल्या मनात दोन भाग करा, दाराकडचा ओला आणि घराकडचा कोरडा. कुत्रं ओल्या भागात उभं, तुम्ही कोरड्या भागात बसलेले, म्हणजे तुम्ही तिच्या आणि हॉलच्या मध्ये.

१. हार्नेस, रेनकोट आधी काढून बाहेरच्या हुकवर टांगा. गळ्यातला पट्टा ओला असेल तर तोही काढा, सुकेपर्यंत घालू नका, मानेवर ओल्या पट्ट्याखाली पुरळ उठतं. बांधून ठेवायची गरज असेल तर दुसरा कोरडा पट्टा ठेवा.

२. अंग वरून खाली. पाठ, बगला, मग पोट, मग मांड्या. टॉवेल घासायचा नाही, दाबून धरायचा आणि सोडायचा, विशेषतः लांब केसांच्या कुत्र्यांना, घासलं की गुंता होतो आणि त्या गुंत्यात ओल राहते. पोटाखालचा भाग लोक विसरतात आणि सोफ्याला लागतो तोच.

३. आता पाय. डब्यात कोमट पाणी, साधं, साबण काही नको. एक पंजा आत बुडवा, आतल्या आत बोटांनी गाद्यांच्या मधून माती सोडवा, बाहेर काढा, पाणी निथळू द्या. दोन पंज्यांनंतर पाणी बदला, नाहीतर तिसरा पंजा पहिल्याच्या चिखलात धुतला जातो.

४. धुतलेला पंजा लगेच टॉवेलमध्ये गुंडाळून मुठीत धरा, दहापर्यंत मोजा. मग टॉवेलचं टोक बोटावर घेऊन प्रत्येक दोन बोटांमधल्या बेचकीत फिरवा, वरून आणि खालून दोन्हीकडून. मग तो पाय कोरड्या भागात टेकवायचा. मग पुढचा पाय.

चौथ्या पायरीवर थोडं थांबते. पंजाच्या बेचकीत कातडी घडी घालून बसलेली असते, वरून बघितलं तर केस कोरडे वाटतात पण बोट आत घातलं की ओलसर लागतं. तिथे रोजच्या रोज ओल राहिली की यीस्ट (एक प्रकारची बुरशी) वाढतं. लक्षणं अशी: कुत्रं रात्री पाय चाटत बसतं, बेचकी लालसर दिसते, पांढऱ्या किंवा फिकट कुत्र्यांचे तिथले केस लाळेने तांबूस होतात, आणि पंजाला आंबूस वास येतो. हलका पॉपकॉर्नसारखा वास बहुतेक कुत्र्यांच्या पायाला असतोच, तो नॉर्मल आहे, पण तो वाढून नाकात बसायला लागला तर डॉक्टरांना दाखवा. आणि चाटलेले ओले पाय घेऊन ती गादीवर बसली की घराचा वास तिथूनच सुरू होतो, म्हणजे पंजा कोरडा करणं हे घर स्वच्छ ठेवण्याचंच काम आहे. घाईच्या सकाळी धुणं नाही झालं, नुसतं ओल्या फडक्याने पुसलं तरी चालेल, पण कोरडं करणं सोडू नका. हेअर ड्रायर लावायचा असेल तर थंड हवेवर, हातभर लांबून, आणि कुत्रं घाबरत नसेल तरच.

रोज साबण किंवा शॅम्पू लावू नका. आपला शॅम्पू तर नाहीच, कुत्र्याच्या कातडीचा पीएच आपल्यापेक्षा वेगळा असतो, कातडी कोरडी पडते, खाज येते, केस जास्त गळतात आणि परत झाडू तुमच्याच हातात. डेटॉलसारखं अँटिसेप्टिक डब्यात टाकायची सवय खूप घरांत आहे, तीही सोडा, पंजा चाटला की ते पोटात जातं, आणि घरात मांजर असेल तर फारच वाईट. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडीनचे (हे एक जंतुनाशक) वाइप्स दिले असतील तर ते ठीक.

पाय देत नसेल तर? पावसातून आल्यावर शिकवायला जाऊ नका. कोरड्या दिवशी, पोट भरलेलं असताना, पंजा हातात घ्यायचा आणि खाऊ द्यायचा, मग रिकाम्या डब्यात, मग पाण्यात. गुरगुरत असेल तर ओढाताण करू नका. दारात पाण्याचा पसरट ट्रे ठेवून त्यातून चालवत नेऊन टॉवेलवर उभं करणं हा तात्पुरता उपाय आहे, निम्मी माती तरी निघते.

गोचीड

आता हे वाचताना काहींना अंग खाजायला लागेल पण इलाज नाही. चिखल पुसला नाही तर फक्त डाग राहतो, गोचीड घरात आला तर तो घरातच वस्ती करतो. आपल्याकडे कुत्र्यांवर जो तपकिरी गोचीड सापडतो त्याचं अख्खं आयुष्य घराच्या आत पार पडू शकतं. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी कुत्र्यावरून खाली पडते आणि फटीत जाऊन हजारोंनी अंडी घालते. हे गोचीड वर चढतात, म्हणून ते भिंतीवर, स्कर्टिंगच्या वर, पडद्याच्या घडीत, पलंगाच्या मागच्या फळीत दिसतात आणि लोकांना वाटतं कोळी आहे.

त्यामुळे पाय पुसताना दोन मिनिटं बोटांनी चाचपा: कानाच्या आत आणि कडेला, पट्ट्याखाली, बगलेत, शेपटीखाली, आणि बोटांच्या बेचकीत. कातडीवर मुगाएवढा गुळगुळीत उंचवटा लागला तर केस बाजूला करून बघा. चिमटा कातडीच्या अगदी जवळ धरायचा, गोचीडाच्या पोटाला नाही तर तोंडाला, आणि सरळ वर एकसारखं ओढायचं. रॉकेल, टर्पेंटाइन, अगरबत्तीचा चटका हे काही करायचं नाही. काढलेला गोचीड बोटाने चिरडू नका, छोट्या बाटलीत सर्जिकल स्पिरिट ठेवा, त्यात टाका. नुसत्या पाण्यात तो सहजासहजी मरत नाही, कमोडमध्ये टाकून निश्चिंत होऊ नका.

घरात दिसायला लागले तर व्हॅक्युमच्या निमुळत्या नळीने फटी, स्कर्टिंग, पलंगाचे सांधे, आणि पिशवी लगेच बाहेरच्या कचऱ्यात. कुत्र्याची चादर कडक गरम पाण्यात. पण कुत्र्यावरचा बंदोबस्त झाला नाही तर घर कितीही झाडा, उपयोग नाही. वजनाप्रमाणे द्यायच्या गोळ्या किंवा मानेवर टाकायचे थेंब डॉक्टर देतात. गाई-म्हशींवर फवारायचं औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला लावणारे लोक आहेत, त्याने विषबाधा होते, कृपया नको. आणि कुत्रं अचानक सुस्त, जेवण सोडलेलं, ताप, हिरड्या पांढुरक्या, नाकातून रक्त, असं काही दिसलं तर उद्यावर टाकू नका, टिक फीव्हर, म्हणजे गोचीडांमुळे होणारा ताप, असू शकतो.

फरशी

आधी केस, मग पाणी. ओल्या पोछ्याने केस गोळा होत नाहीत, ते फरशीला चिकटतात आणि सुकल्यावर पंख्याखाली उडतात. कोरड्या फुलझाडूपेक्षा रबराचा वायपर किंवा रबरी हातमोजा जास्त केस ओढतो, सोफ्यावर आणि पायपुसण्यावर तर हातमोजाच. चिखल मात्र उलटा, टाइल्सवरचा ताजा असतानाच पुसा, कापडावरचा पूर्ण सुकू द्या, मग ब्रशने झाडा आणि मगच धुवा. सोफ्याच्या कव्हरवर ओला चिखल चोळला की तो धाग्यात उतरतो. कोकणातली लाल माती असेल तर ब्लीच घालू नका, तो रंग लोहाचा असतो, ब्लीचने जात नाही, उलट पक्का बसतो.

फिनेलबद्दल. काळं फिनेल, जे पाण्यात टाकलं की दुधाळ होतं, ते कुत्र्या-मांजरांसाठी वाईट, आणि मांजरांना तर फारच. कुत्रं ओल्या फरशीवरून चालतं आणि मग पाय चाटतं, एवढा साधा मार्ग आहे. रोजच्यासाठी साधं पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, नंतर एक साध्या पाण्याचा पोछा, पुरतं. आठवड्यातून एकदा फ्लोअर क्लीनर वापरायचा असेल तर बाटलीवर लिहिलंय तेवढाच, आणि पूर्ण सुकेपर्यंत कुत्रं दुसऱ्या खोलीत. पुसायला मावशी येत असतील तर त्यांना हे कारणासकट सांगा, नुसतं "फिनेल टाकू नका" म्हटलं तर त्यांना वाटतं ताई पैसे वाचवतायत.

इंटरनेटवर सगळीकडे व्हिनेगर सांगतात. व्हिट्रिफाइड टाइल्स असतील तर खुशाल वापरा. पण शहाबादी, कडाप्पा, कोटा आणि मार्बल यांना व्हिनेगर, लिंबू, ॲसिड काहीही नको. हे सगळे चुन्याचे दगड, आंबट लागलं की पॉलिश जाऊन पांढुरका डाग पडतो आणि तो पुसून जात नाही, पॉलिशवाल्यालाच बोलवावं लागतं. जुन्या पुण्यात निम्म्या घरांत शहाबादी आहे म्हणून मुद्दाम लिहिलं.

पावसामुळे घरातच शू झाली तर

मुसळधार पावसात काही कुत्री बाहेर जातात, पाच मिनिटं उभी राहतात, काहीच करत नाहीत, आणि घरी येऊन पडद्यामागे उरकतात. ओरडून काही होत नाही. आधी टिशू किंवा कागद दाबून सगळं शोषून घ्या, घासू नका. मग गार पाणी, परत शोषा. मग एन्झाइमवाला क्लीनर, पेट शॉपमध्ये मिळतो, तो ओतून दहा-पंधरा मिनिटं तसाच ओला ठेवायचा, लगेच पुसला तर काम करत नाही. त्याच्या आधी तिथे फिनेल किंवा दुसरं जंतुनाशक टाकू नका, एन्झाइम निकामी होतात. शूच्या जागी नुसता फिनेलचा वास बसवला तर आपल्याला वाटतं गेला, तिच्या नाकाला मूळ वास येतच असतो आणि परत तीच जागा. अमोनिया असलेला क्लीनर तर आमंत्रणच. आणि शूवर ब्लीच कधीच ओतू नका, दोन्ही मिळून तिखट विषारी वाफ होते. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र करणं त्याहून धोक्याचं.

टॉवेल, गादी आणि तो वास

ओल्या कुत्र्याचा वास अंगावरच्या जिवाणू आणि यीस्टमुळे येतो, पाणी उडताना ते वासाचे कण हवेत सोडतं. म्हणून कुत्रं सुकलं की वास कमी होतो, आणि म्हणूनच ओला टॉवेल बादलीत दाबून ठेवला की दुसऱ्या दिवशी पूर्ण बाथरूम कुत्र्याच्या वासाची होते. टॉवेल वापरला की झटकून पसरून टाका, ऊन नसलं तरी पंख्याखाली. दोन जोड्या ठेवा, एक सुकत असते तेव्हा दुसरी चालू. मशीनला लावायच्या आधी केस गच्चीवर झटकून काढा नाहीतर ते फिल्टरमध्ये आणि मग तुमच्या काळ्या कुर्त्यावर.

गादी पावसाळ्यात जाड फोमची नको, ती आतून सुकतच नाही. त्याऐवजी गोधडी किंवा दुमडलेली चादर, दर तीन-चार दिवसांनी बदलता येते. फरशीवर थेट नको, खाली लाकडी पाट किंवा खाट असली की हवा खेळते. वासासाठी कपाटात किंवा गादीखाली डांबराच्या गोळ्या आणि कापूर ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, कुत्रं असलेल्या घरात जमिनीजवळ ते काहीही नको, दोन्ही त्यांच्या पोटात गेलं तर विष आहे.

पावसाळा संपला तरी

ऑक्टोबरपासून तळजाई किंवा वेताळ टेकडीवर नेत असाल तर चिखलाच्या जागी कुसळं येतात. ती केसांत घुसतात, मग कातडीत, आणि घरात आली की सोफ्यात आणि तुमच्या पायमोज्यात. घरी आणून विंचरू नका, टेकडीच्या पायथ्याशीच बारीक कंगवा फिरवा, बेचक्या आणि कान बघा. आघाडा कंगव्याने निघतो, सराटा पंजाच्या गादीत रुतला असेल तर हाताने सरळ उपटा. मे महिन्यात ओलं डांबर पायाला लागलं तर खोबरेल तेल चोळून ठेवायचं, मऊ झालं की पुसायचं, मग शॅम्पूने तेल धुवायचं. पेट्रोल-रॉकेल नको.

दिवाळीत रस्त्यावर फटाक्यांची राख आणि दारू पसरलेली असते, त्या चार दिवसांत पाय पुसून भागत नाही, धुवायलाच हवेत. शेजाऱ्यांच्या दारात रांगोळी असेल तर लिफ्टमधून बाहेर पडायच्या आधीच लीश आखूड धरा. विसर्जनाच्या दिवशी मात्र गुलाल टाळता येत नाही. तो अंगावर कोरडा असेल तोवर पाणी लावायचं नाही, ओला झाला की फिकट केसांना आठवडाभर गुलाबी ठेवतो. दाराबाहेरच कोरड्या ब्रशने झाडायचा, डोळे-नाकाकडून मागच्या दिशेला, आणि उरलेला काढायला हातात अगदी थोडं खोबरेल तेल घेऊन मग धुवायचं. फरशीवर पडलेला गुलाल पण आधी झाडूने भरून घ्या, पोछा सगळ्यात शेवटी.